टाचेखालची चार बोटं

फुलसावंगीच्या भगवानरावांनी आयुष्यात फार थोडे निर्णय स्वतःहून घेतले, आणि त्यातले बहुतेक दुपारी बाजेवर आडवं पडून घेतले. वेचणी सुरू झाली की पुढच्या खोलीत कापसाचा ढीग वाढत जातो, घरभर एक उबदार वास भरून राहतो, आणि अशा दुपारी अर्ध्या मिटल्या डोळ्यांना जगातली कुठलीही गोष्ट सहज शक्य वाटायला लागते. तशाच एका दुपारी महागावहून वामनरावांची पत्रिका आली. वामनराव हे भगवानरावांचे शाळेतले सोबती, आता कृषी केंद्राचे मालक. त्यांनी नवा बंगला बांधला होता आणि वास्तुशांतीच्या निमित्ताने संध्याकाळी स्नेहमिलन ठेवलं होतं. पत्रिकेच्या तळाशी सोनेरी अक्षरांत एक ओळ होती : 'ड्रेस कोड – पार्टीवेअर'.

भगवानरावांनी ती ओळ तीनदा वाचली आणि सुनेला विचारलं. निकिता म्हणाली की झगमग कपडे घालायचे बाबा, आणि बायकांनी हिल्स. हे ऐकता ऐकता भगवानरावांचे डोळे लागत आले होते. मिटत्या डोळ्यांपुढून त्यांची बायको, म्हणजे कोकिळाबाई, उंच टाचांवर तरंगत गेल्या. पाय जमिनीला लागतच नव्हते.

"मंग तुह्या सासूलेही घेऊन दे एक जोड," भगवानराव म्हणाले आणि कूस बदलून झोपी गेले.

जाग आल्यावर त्यांना घाम फुटला. कारण कोकिळाबाई मुळातच त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच होत्या.

ही गोष्ट गावाला लग्नाच्या दिवशीच कळली होती. अंतरपाट धरला गेला तेव्हा त्याच्या वरून नवरीच्या मुंडावळ्या आणि निम्मं कपाळ सगळ्या मांडवाला दिसत होतं, नवरदेव मात्र टोपीसकट गायब होता. (अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी तो कोणाच्या मापाने धरावा यावर मंगलाष्टकं सुरू असतानाच कुजबुजून चर्चा केली म्हणतात.) पुढे नवऱ्यासोबत चालताना कोकिळाबाई मान किंचित खाली घालून, खांदे पाडून चालायला शिकल्या. बायाबापड्या म्हणायच्या, काय नम्र सून मिळाली, वर मान करून पाहत नाही. भगवानराव ही स्तुती मुकाट्याने ऐकून घेत.

तरी पहिल्या वर्षी एकदा घोटाळा झालाच होता. कोकिळाबाईंनी माहेरून, मारेगावहून, दोन इंच टाचेची मरून रंगाची सँडल आणली होती. ती घालून त्या नवऱ्यासोबत एका लग्नाला निघाल्या आणि महागावच्या बसस्टँडवर एका म्हातारीने मायेने विचारलं, लहान भाऊ पोचवायला आला काय माय? भगवानराव तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी बायकोला सांगितलं की घरातल्या सुनेने टाच वाजवत चालावं हे आईला आवडत नाही. (आईला तेव्हा शेजारचा ट्रॅक्टर सुरू झालेलाही ऐकू येत नसे.) कोकिळाबाईंनी सँडल पेटीत ठेवली आणि नंतर माहेरी देऊन टाकली. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं सपाट चप्पल.

तेव्हाचे दिवसही तसेच होते म्हणा. टाच वाजवणारी बाई म्हणजे हाताबाहेर गेलेली, असं गाव धरून चालायचं. आता सरपंच इंदूबाई हिल्स घालून ग्रामसभेला येतात आणि पारावरची माणसं उठून वाट देतात. काळ बदलला होता. भगवानरावांची उंची तेवढी जागच्या जागी होती.

आठवड्याने पार्सल आलं. सोनेरी सँडल, टाच तीन इंच, म्हणजे पुन्हा चार बोटं. दुसऱ्या दिवसापासून कापसाच्या खोलीत सराव सुरू झाला. पडलं तरी कापसातच पडायचं, ही सोय काही शहरातल्या बायकांना मिळत नाही. दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं आत यायचं, कापसाचे बारीक तंतू त्या उन्हात हळूहळू फिरत राहायचे, आणि सुनेचा हात धरून कोकिळाबाई एकेक पाऊल टाकायच्या. ढिगापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. भगवानराव बाजेवर झोपेचं सोंग घेऊन दाराच्या फटीतून पाहत राहायचे.

तिसऱ्या दिवशी कोकिळाबाईंनी सुनेचा हात सोडला. पाच पावलं नीट गेल्या आणि सहाव्याला तोल जाऊन पाठमोऱ्या कापसात कोसळल्या. मग तिथेच, केसांत कापूस अडकलेला, हात पसरून पडल्या पडल्या हसायला लागल्या. असं हसू भगवानरावांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आपली बायको इतकी देखणी आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि आपण इतके बुटके आहोत हेही त्याच क्षणी कळलं. दोन्ही गोष्टींनी त्यांना झोप येईना.

मन एवढंच म्हणत होतं की वामनरावांच्या दारात चार माणसांसमोर पुन्हा कोणी धाकटा भाऊ म्हणू नये. फवारणीचं औषध आणतो सांगून ते पुसदला गेले आणि एका दुकानात कानाशी लागून बोलल्यासारखं बोलले. दुकानदाराला असली माणसं सवयीची असावीत. त्याने आतून एक काळा बूट काढला. बाहेरून साधासुधा, टाच तेवढी जरा जाड, आतबाहेर मिळून तीन इंच. बूट पायात घालून भगवानराव उभे राहिले तर दुकानाच्या पंख्यावरची धूळ त्यांना पहिल्यांदाच जवळून दिसली.

सराव त्यांनाही हवा होता, पण कापसाची खोली अडलेली. म्हणून ते सकाळी बूट पिशवीत घालून शेतात गेले आणि तुरीच्या आडोशाला चालून पाहिलं. आदल्याच दिवशी तुरीला पाणी दिलं होतं. काळ्या मातीने त्यांचे तीनही इंच एका पावलात गिळले आणि भगवानरावांना जिथल्या तिथे आणून ठेवलं. मग धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या कोरड्या बांधावरून चालले. तिथे मात्र जमलं. उंचावरून त्यांना आपलं शेत पलीकडच्या बाभळीपर्यंत दिसलं, आणि ते बराच वेळ नुसतेच उभे राहिले. आपण दोघं बरोबरीने वामनरावांच्या फाटकातून आत जातो आहोत, माणसं बाजूला होताहेत, कुठेतरी सनई वाजते आहे, असं काहीबाही त्यांना दिसत राहिलं. (सनई नव्हती, पलीकडच्या वावरातला पंप होता.)

राहिला पँटचा प्रश्न. जाड टाच झाकायची तर पँट लांब हवी. गावातल्या डोमाजी शिंप्याने बूट घातलेल्या भगवानरावांचं माप घेतलं, वहीतलं जुनं माप पाहिलं, पुन्हा टेप लावला आणि एकदा तोंडाकडे पाहिलं. शिंपी शहाणा होता, नवं माप जुन्याच्या खाली लिहून ठेवलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ऑटो मुख्य रस्त्यावर थांबला. तिथून बंगल्यापर्यंत पन्नासेक पावलांची गल्ली होती, दोन्हीकडे दिव्यांच्या माळा लावलेल्या. जांभळ्या साडीत कोकिळाबाई उतरल्या. सँडल दिसली पाहिजे म्हणून त्यांनी साडी चांगली घोट्याच्या वर नेसली होती. भगवानरावांची पँट बूट दिसू नये म्हणून जमिनीला लोळत होती. दोघं चालू लागले. पहिल्या काही पावलांत कोकिळाबाईंची मान सवयीने खाली गेली, आणि मग टाच सांभाळायची म्हणून आपोआप वर आली. वाकून हिल्सवर चालता येत नाही, माणूस तोंडावर पडतो. पाठ सरळ, नजर समोर, अशी आपली बायको भगवानराव पहिल्यांदा पाहत होते. माळांचे दिवे तिच्या कानातल्यांत लुकलुकत होते. गल्ली संपूच नये असं त्यांना वाटलं.

"तुमी काहून असे डुलत चालून राह्यले?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"हवा हाय ना," भगवानराव म्हणाले.

गल्ली संपली. फाटकाशी उकंडा नावाचा वामनरावांचा जुना सालदार खुर्ची टाकून बसला होता, आणि त्याच्यासमोर हिल्सचा ढीग होता. सोनेरी, चंदेरी, लाल, काळ्या, खड्यांच्या, पट्ट्यांच्या. महागाव तालुक्यातल्या बायकांनी महिनाभर तयारी करून आणलेली सगळी उंची तिथे आडवी पडली होती. उकंडाने शांतपणे सांगितलं की घरात पूजा मांडली आहे, पावण्यांनी चपला-जोडे इथेच काढायचे.

ज्या माणसांनी जन्मभर कुठल्याही घराचा उंबरा चप्पल घालून ओलांडला नाही, त्यांना वास्तुशांतीला पायातलं दारातच राहणार हे सुचलं नव्हतं. पत्रिका छापणाऱ्याला नाही, सुनेला नाही आणि भगवानरावांना तर नाहीच नाही.

कोकिळाबाई मनापासून हसल्या. नवऱ्याच्या खांद्याला धरून त्यांनी सँडल काढली, ढिगात ठेवली आणि अनवाणी उभ्या राहिल्या. साडी वर नेसलेली असल्याने त्यांचं काहीच बिघडलं नाही. भगवानराव मात्र हलेनात. पाय दुखतो म्हणाले. मग म्हणाले की मी इथेच उकंडाच्या सोबतीला बसतो, तू जाऊन ये. तेवढ्यात वामनराव स्वतः सामोरे आले आणि हात धरून ओढू लागले. मागे पाहुण्यांची रांग लागली. इलाज उरला नाही. भगवानरावांनी बूट काढले आणि सगळ्यांच्या देखत तीन इंच खाली आले. पँट पायांवर गोळा झाली, पंजे दिसेनासे झाले. धाकट्याने थोरल्याची पँट चढवावी तसं ध्यान झालं.

उकंडाने बूट उचलून हातात तोलला, आत डोकावून पाहिलं आणि काळजीने विचारलं, "हा तं लय जड हाय, भगवानराव. तुमचं काही राह्यलं काय आतमंधी?"

रांगेतून कोणीतरी खोकल्यासारखं केलं. कोकिळाबाईंनी बुटाकडे पाहिलं, पँटकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. त्या हसल्या नाहीत. सरळ खाली बसल्या आणि नवऱ्याची पँट घोट्याशी दुमडू लागल्या. आधी एक पाय, मग दुसरा.

"तुमच्या आईनं मले तवाच सांगतलं होतं," मान वर न करता त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घाल पोरी सँडल, त्याले होऊ दे सवय. म्याच नाई घातली. तुमचं तोंड पाहून जीव होये नाई."

अठ्ठावीस वर्षं आपण आईच्या नावाआड लपलो, आणि ही आपल्याला तिथे सुखाने लपू देत राहिली. भगवानरावांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, या बाईवर आपलं फार प्रेम आहे असं वाटलं. दारात उभं राहून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

आत गेल्यावर फोटोवाल्याने दहा-बारा जणांना एका ओळीत उभं केलं. भगवानरावांच्या शेजारी उभ्या राहताच कोकिळाबाईंचे खांदे पडले, मान खाली आली. भगवानरावांनी बायकोच्या पाठीवर हात ठेवला.

"वाकू नको," ते म्हणाले. "सरळ उभी राह्य. मले दिसू दे."

कोकिळाबाई सरळ झाल्या. पूर्ण चार बोटं वर गेल्या. भगवानराव मान वर करून बघत राहिले, आणि त्यांना एकदम हलकं वाटलं, कापसात पडल्यासारखं. आता कोणी काही म्हणो, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

फोटो कमरेपासून वरचा निघाला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर पोचला. सकाळीच मारेगावहून कोकिळाबाईंच्या थोरल्या बहिणीचा, हंसाबाईंचा, फोन आला. कोकिळा किती उमदी दिसते, साडी काय, उभं राहणं काय, असं बराच वेळ कौतुक झालं. भगवानराव अभिमानाने ऐकत होते. मग हंसाबाईंचा आवाज काळजीचा झाला.

"पन जावईबुवा, सारे उभे असतानी तुमालेच कायले खुर्चीवर बसवलं? गुडघे दुखून राह्यले काय?"

कालचा निश्चय भगवानरावांना चांगला आठवत होता. मग ते म्हणाले की हो, जरासे दुखतात.

चौथ्या दिवशी मारेगावहून येणाऱ्या एका पाहुण्याच्या हाती हंसाबाईंनी गुडघ्याच्या तेलाची मोठी बाटली पाठवली. भगवानराव ते तेल रोज संध्याकाळी आपल्या धडधाकट गुडघ्यांना लावतात. कोकिळाबाई समोर सरळ उभ्या राहून त्यांना ते लावायला लावतात.