खैरनार सरांचे दोन सर्व्हर

खैरनार सर डबा दोन पिशव्यांतून आणतात. एकीत पोळ्या, दुसरीत भाजी. मी एकदा विचारलंच, तर म्हणाले, भाजी सांडली तरी पोळ्या वाचतात.

सातपूरला आमची छोटीशी कंपनी. द्राक्षांच्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही जावा या संगणकाच्या भाषेत सॉफ्टवेअर करतो. सर त्यातले जुनेजाणते. मी टेस्टिंगवाली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेणारी. सरांचा हट्ट एकच: लोकांना स्क्रीनवर दिसणारी पानं एका सर्व्हरवर, आणि भाव, वजन, कर ठरवणारं डोकं दुसऱ्यावर. पुढच्याने विचारायला जायचं, मागच्याने ठरवायचं, पुढच्याने उत्तर आणून द्यायचं. "पुढच्याने अक्कल पाजळायची नाही," हे दिवसभर चालू. एका नव्या मुलीने कराचा हिशेब थेट पानातच लिहिला, तर सरांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. काही सांगायचं असलं की मला पाठवायचे. मी काय पोस्टमन आहे? पण जायचे बापडी.

घरी सरांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, विस्मरणाचा आजार. मूलबाळ नाही. दिवसा एक मावशी त्यांच्याजवळ असतात. कशा आहेत विचारलं की सर म्हणत, "बाकी सगळं विसरते, पण मला ओळखते. तेवढ्यावर चाललंय." मला वाटायचं, देवा, तेवढं तरी राहू दे.

यंदा ऐन हंगामात मालकांनी काटकसर म्हणून सगळं एकाच सर्व्हरवर आणायला लावलं. आता सर भांडणार म्हणून आम्ही कान टवकारले, तर त्यांनी निमूट सगळं हलवून दिलं. आणि एका संध्याकाळी व्हायचं तेच झालं, पानांवर गर्दी झाली आणि सगळंच बंद पडलं. सर नुकतेच निघालेले, फोन उचलेनात. मी स्कूटर काढली आणि नाशिक रोडला त्यांचं घर गाठलं.

सर स्वतःच्याच दाराबाहेर उभे राहून बेल वाजवत होते. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मावशींनी दार उघडलं. मागून वहिनींनी विचारलं, कोण आहे?

"ऑफिसातून आलोय, वहिनी," सर म्हणाले. "खैरनारांचा निरोप आहे."

मी बघतच राहिले. वहिनींचा चेहरा मात्र खुलला. ते जेवले का, असं त्यांनी विचारलं. सर फोन करायला म्हणून आतल्या खोलीत गेले, बाहेर येऊन म्हणाले, जेवलेत, तुम्हालाही जेवायला सांगितलंय. वहिनी लगेच ताटावर बसल्या.

मावशी मला हळूच म्हणाल्या, "लय दिवस झाले, ताई. नवरा म्हणून आत आले की वहिनी घाबरून ओरडत्यात. पाहुणा म्हणून आले तर चालत्यात."

सर्व्हरचं माझ्या डोक्यातून पार गेलं. जीव नुसता तुटत होता.

जेवता जेवता वहिनी थांबल्या. "भाऊ, त्यांना एवढं विचारता का, माझ्यावर रागावलेत का? घरी का येत नाहीत?"

"विचारतो," म्हणून सर आत गेले.

बराच वेळ झाला, ते बाहेर आले नाहीत. वहिनी घास हातात धरून आतल्या खोलीच्या दाराकडे बघत बसल्या होत्या.