डॅशबोर्डवरचं फुलपात्र

आमच्या कन्हेरीतल्या सोपानआबांच्या गाडीत बसायचं असेल, तर एक जादा पँट बरोबर ठेवावी. आबा डॅशबोर्डवर गळ्यापर्यंत भरलेलं फुलपात्र ठेवतात, गाडी साठच्या पुढं नेतात आणि पाणी आपल्या मांडीवर सांडलं, की समाधानानं म्हणतात, "बघितलं? हाललं!"

नवीन टायर टाकल्यापासूनचं हे खूळ. त्याआधी शेजारी म्हणून माणूस अगदी बरा होता. टायर बसवून आणले आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं. दुकानदार म्हणाला, बॅलन्सिंग बरोबर केलंय, तरी परत आणा, बघतो. पण आबा कसले जातात! "ज्यानं बिघडवलं, त्याच्याच दारात परत जाऊ व्हय?"

मग तपास त्यांनी स्वतःच हाती घेतला. शास्त्र सोपं होतं. थरथर हाताला लागली तर पुढचं चाक, बुडाला लागली तर मागचं. हात आबांचे, बुडं गावाची! दिसेल त्याला मागं बसवायचं, इंदापूर रोडला न्यायचं आणि विचारायचं, "बुड काय म्हणतंय?" पुतणीला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी सोडलं नाही. पाहुणे बिचारे एकमेकांकडं बघत "बरं हाय" म्हणाले.

आबांची बायको, म्हणजे आमच्या आक्का, तेवढ्या स्पष्ट बोलायच्या. "अवं, गाडी न्हाय, तुमचा हात हालतोय. सोडा आता गाडी." वास्तविक आक्कांना एसटी लागते, चढलं की उलट्या होतात. इंदापूरला बहिणीकडं जायचं तर आबांच्या गाडीशिवाय त्यांना दुसरी सोय नव्हती. तरी बोलायच्या. आबा भडकायचे. "गाडी नीट झाली अन् तरी हाललं, तर चावी तुझी. परत स्टेअरिंगला हात लावणार न्हाय!"

हे रोजचं भांडण ऐकून माझे कान किटले होते. एका रविवारी मीच जॅक लावला. म्हटलं, एकदाचा निकाल लागू दे. पुढचं डावं चाक काढलं आणि कपाळावर हात मारून घेतला. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचा वाळलेला लपका, भाकरीएवढा! नवे टायर कशी पकड घेतात ते बघायला आबांनी पहिल्याच दिवशी गाडी उसाच्या चिखलात घातली होती. बाहेरून रोज धुवायचे, आत कोण बघतंय? मी खुरप्यानं सगळं खरवडून काढलं. लई मोठा तीर मारल्यासारखं वाटलं मला.

लगेच तिघं निघालो. आबा गाडी चालवायला, मी शेजारी, आक्का मागं. साठ, सत्तर, ऐंशी. पाणी जागचं हललं नाही.

"न्हाय हाललं! आता बोल की गं!" आबांनी गाडी अलगद बाजूला घेतली, बंद केली आणि ऐटीत पाणी प्यायला फुलपात्र उचललं.

पाणी हिंदकळलं. सदऱ्यावर सांडलं. आबांनी दुसऱ्या हाताचा आधार दिला, तरी सांडतच राहिलं. आम्ही तिघंही त्या हातांकडं बघत होतो. मला फार वाईट वाटलं. कशाला काढला मी तो चिखल? राहू द्यायचा होता. गाडीच्या थरथरीत आबांचा हातही अजून वर्ष-दोन वर्षं खपून गेला असता.

मागनं आक्का घाईघाईनं म्हणाल्या, "अजून हाय हो गाडीत जरासं. मागच्या चाकात. माझं... माझं बुड सांगतंय." हा शब्द त्या बाईनं चारचौघांत आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला असेल.

"गाडी बंद हाय गं," आबा म्हणाले.

मग त्यांनी चावी काढली, मागं न बघताच आक्कांच्या हातात दिली आणि खाली उतरले. पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि मी उठायची वाट बघत तिथंच उभे राहिले.