चौदा डिसेंबरचा खुलासा

इतरांना कादंबऱ्या कुठं सुचतात मला माहीत नाही. मला संडासाच्या दाराशी सुचली. गैरसमज नको, आत मी नव्हतो. आत आमचे चिरंजीव नंदीश होते. वय वर्षं तीन. त्यांची अट अशी की पप्पांनी दारात उभं राहायचं, हलायचं नाही आणि "झालं का?" असं तर बिलकुल विचारायचं नाही. रोज सकाळी पंचवीस मिनिटं हा कार्यक्रम. कॉलेजच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिक असलेला, चाळिशीला टेकलेला माणूस एवढ्या वेळात करणार काय? हातात मोबाइल होता. मी ठरवलं, आपण प्रेमकादंबरी लिहायची.

(प्रेमकादंबरीच का? तर बाकीच्या कादंबऱ्यांना अभ्यास लागतो असा माझा समज होता. प्रेमालाही लागतो, हे पुढं कळलं.)

आम्ही राहतो वाशीला. वाशी म्हणलं की लोक आदरानं बघायला लागतात आणि फ्लॅट केवढ्याला पडला ते विचारतात. ती वाशी वेगळी. आमच्या धाराशिवकडच्या वाशीत तहसील आहे, बाजार आहे आणि आली तर एसटी आहे. बायको शिवरंजनी जवळच्याच एका खेड्यात उपकेंद्रावर नर्स आहे. दर बुधवारी ती तिथल्या लेकरांना लस टोचते. त्यामुळं आपल्या लेकराला टोचून आणायचं काम बुधवारी माझ्याकडं. शिवाय डबा भरणं, वेण्या घालणं, नाकं पुसणं हेही माझ्याकडंच, कारण माझं ऑफिस घरापासून दोन मिनिटांवर आहे आणि तिथं मी नसलो तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

कादंबरीसाठी मी एकच नियम केला होता. नायकाला पोरं नसावीत. बस्स. त्याचं नाव राजवीर, नायिकेचं सुरम्या. त्याच्याकडं बुलेट, पांढरे शुभ्र शर्ट (आणि ते शुभ्रच राहायचे, यावरनं ओळखा), आणि उठायची वेळ सकाळी नऊ. पहिली चार पानं मी फक्त त्याच्या झोपेवर लिहिली. लिहिताना माझेच डोळे भरून आले.

पहिली वाचक आमची शिवप्रिया, पहिलीत शिकते. मी मोठ्यानं वाचून दाखवायचो, अर्थात गाळून गाळून.

"पप्पा, ह्यो राजवीर दिवसभर काय करतो?"

"सुरम्याची वाट बघतो."

"आन् भांडी?"

"त्याला भांडी नसतात."

"मग जेवतो कशात?"

पुढच्या प्रकरणात मी राजवीरला हॉटेलात जेवायला घातलं.

खरी अडचण तारखांची झाली. कादंबरी रोजनिशीच्या रूपात होती, आणि रोजनिशी म्हणलं की तारखा आल्या. मला तारखा सुचत नाहीत. बारा वर्षं ऑफिसात दुसऱ्यांनी दिलेल्या तारखा उतरवण्यात गेली, डोक्यातनं एकही काढावी लागली नाही. इकडं तिकडं बघितलं तर दाराशेजारी खिळ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत नंदीशचं लसीकरणाचं कार्ड अडकवलेलं. तारखा तयार! एकोणीस ऑक्टोबर, पहिली भेट. सोळा नोव्हेंबर, हातात हात. चौदा डिसेंबर, सकाळी साडेदहा, येडशीच्या रामलिंगला घाटातल्या झाडीत जे काय व्हायचं ते. त्यानंतर कार्डावर नऊ महिन्यांच्या डोसापर्यंत काहीच नव्हतं, म्हणून मी दोघांमध्ये भांडण लावून दिलं. सात जूनला पुन्हा मिलन.

कादंबरीचं नाव 'ओढणीआडचा बालाघाट'. कुठल्या प्रकाशकाकडं पाठवायची आणि त्यानं परत पाठवायची, एवढी खटपट कशाला? धाराशिवला आमचा अल्ताफ आहे, माझ्याबरोबर शिकलेला. छापखाना चालवतो. लग्नपत्रिका, शोकसंदेश, ग्रामपंचायतीचे दाखले असं सगळं एकाच तन्मयतेनं टाइप करतो. त्यानं कादंबरीची पानं लावून घेतली, मुखपृष्ठावर एक ओढणी उडवली (डोंगर मावला नाही) आणि मागं माझा फोटो टाकला. आधार कार्डावरचाच काढून घेतला.

"मल्लेशभाई, एक विचारू? तुम्ही रागवनार न्हाय ना?"

"विचार."

"ही सुरम्या कोन हाय?"

"काल्पनिक आहे रे."

"व्हय व्हय. सगळे असंच म्हनतेत." त्यानं डोळा मारला. "आन् रुसवा बरोबर सहाच महिन्यांचा? येवढा हिशोबी रुसवा मनातनं निघत नसतो भाई. अनुभव लागतो."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. शाळेत असल्यापासून माझ्याबद्दल कुणी वाईट बोललेलं नव्हतं. माणसाला त्याचाही कंटाळा येतो हो.

शनिवारी पुस्तकं घरी आली. रविवारी शिवरंजनी लसूण सोलता सोलता वाचायला बसली. मी पोरांना घेऊन अंगणात, पण कान आत. आधी हसली. (विनोदी जागा नव्हती, पण असू दे.) मग पानं उलटायचा आवाज थांबला. लसणाचाही थांबला. बऱ्याच वेळानं ती दारात आली.

"अहो, चौदा डिसेंबरला तुमी कुठं होता?"

"कधीच्या?"

"नंदीश तीन महिन्यांचा होता बघा, तवाच्या. सकाळी साडेदहाला."

माझ्या अंगावर काटा आला. आठ वर्षं झाली लग्नाला. दही कुठंय, बादली कुठंय, पोरगं कुठंय, हे सगळं तिनं मला विचारलं होतं. मी कुठं होतो, हे कधीच नाही! म्हणजे हिला संशय आला. माझा! अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? खिळ्यावरचं कार्ड दाखवावं आणि मोकळं व्हावं. मी आभाळाकडं बघितलं आणि म्हणालो, "जाऊ दे. काही गोष्टी विचारायच्या नसतात."

"दवाखान्यात गेला होता ना तुमी?"

"गेलो होतो... असंच समज."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. आणि मी, निर्लज्ज माणूस, आत जाऊन आरशात भांग पाडला.

सोमवार, मंगळवार असे दोन दिवस मी काय मजेत काढले म्हणून सांगू! ती एकटक माझ्याकडं बघायची. मी गूढ हसायचो. ती फोन लावायची, पलीकडनं कुणी उचलायचं नाही, मग माझ्याकडं बघून उसासा टाकायची. मी पुन्हा गूढ हसायचो. ऑफिसात हेडक्लार्क नागप्पांनीसुद्धा पुस्तक चाळून "काय राव मल्लेश, लई छुपे रुस्तम निघाले तुमी" म्हणत स्वतःहून चहा सांगितला. एका खोट्या लफड्यात केवढी ताकद असते! आणि मी बारा वर्षं वेळेवर ऑफिसला जाऊन इज्जत कमवत बसलो होतो.

मंगळवारी दुपारी मात्र पलंगावर तिची मोठी पिशवी दिसली. आत नंदीशचे कपडे, टोपी, पाण्याची बाटली, सगळं घडी घालून. आणि ती फोनवर वडिलांशी बोलत होती, "उद्या पहिल्या गाडीनं या दादा. माझं डोकं चालंना." गूढ हसू कुठल्या कुठं पळालं. ही पोरांना घेऊन निघाली तर? सकाळी दारात उभं कोण राहणार? शिवप्रियाला उजवीकडची वेणी आधी घातलेली लागते, हे तिच्या माहेरी कुणाला माहीत आहे? मी दोनदा तिच्यामागं स्वयंपाकघरात गेलो आणि दोनदा पाणी पिऊन परत आलो. खरं सांगावं तर अब्रू जाणार, न सांगावं तर पोरं. आणि जाणारी अब्रू म्हणजे तरी काय, तर बदनामी. मोठी अवघड गोष्ट होती.

बुधवारी सासरे आले. माणिकप्पा, तुळजापूरकडचे. भुसाराचा व्यापार, आवाज दुकानातला. दारात चपला काढतानाच मी वाकलो, "शरणार्थ मामा."

"शरणार्थ, शरणार्थ. बसा जावईबापू." बसायला माझ्याच घरात मला सांगितलं, यावरनंच काय ते समजलो.

शिवरंजनी समोर उभी. डोळे सुजलेले. तिच्या हातात कादंबरी. मी मनाशी मधला मार्ग काढला होता. गुन्हा कबूल करायचा, पण जुना आणि संपलेला म्हणून. म्हणजे पोरंही राहतील आणि थोडीफार कीर्तीही राहील.

"मामा," मी मान खाली घालून म्हणालो, "माणसाकडनं चूक होते. पण आता ते सगळं संपलंय."

"काय संपलंय?"

"सुरम्या."

"कोन सुरम्या?" बायको ओरडली.

"अगं, हीच. पुस्तकातली."

"ती बाई गेली चुलीत! पोराला तिसरा डोस दिला का न्हाय ते सांगा!"

तिनं पाठीमागनं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. तारखा शाबूत होत्या, पण सह्यांची बाजू नंदीशनं दात येताना चघळून खाल्लेली.

"सगळ्या गावाच्या लेकरांला म्या टोचते, आन् माझ्याच लेकराचं मला म्हाईत न्हाय!" तिचा आवाज फुटला. "बघा दादा. चौदा डिसेंबर, साडेदहा, रामलिंग. ह्यांनीच छापलंय. साडेदहाला तर दवाखान्यात नंबर असतो! विचारलं तर म्हणतेत, काही गोष्टी विचारायच्या नसतात. रविवारपासून दवाखान्यातल्या रुबिना सिस्टरला फोन लावतेय, रजिस्टर तिच्याच कपाटात, आन् ती बहिणीच्या लग्नात, उचलंना. म्या आज रजा टाकून नंदीशला घेऊन धाराशिवला मोठ्या डॉक्टरला दाखवायला चाललेय."

"जावईबापू," सासरे म्हणाले, "बाकीचं ऱ्हाऊ द्या. डोस दिला का?"

"दिला हो मामा! शपथ! त्या तारखा मी ह्या कार्डावरनंच उतरवल्यात. मला तारखा सुचत नाहीत!"

"असं कुठं असतंय व्हय?" सासरे म्हणाले. बायकोनं तर ऐकूनच घेतलं नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. रुबिना सिस्टर. सकाळीच ड्युटीवर हजर झाल्या होत्या आणि अकरा मिसकॉल बघून घाबरल्या होत्या. शिवरंजनीनं फोन स्पीकरवर टाकला आणि एका दमात सगळं विचारलं.

"थांबा ताई, रजिस्टर बघते. नंदीश मल्लेश... हां, तिसरा डोस, चौदा डिसेंबर, दिलाय. माझीच सही हाय. आन् रजिस्टर कशाला पायजे, मला तोंडपाठ हाय ते. सुई लेकराला टोचली आन् पडले मल्लेशभाई!"

"पडले?"

"धाडकन! एक वाजेपर्यंत बाकड्यावर आडवे. लेकरू मीच कडेवर घेऊन फिरले. ऑक्टोबरला बी तसंच झालं होतं."

"आन् नोव्हेंबरला?" सासऱ्यांनी विचारलं.

"नोव्हेंबरला आमी त्यांना आधीच आडवं केलं, मग लेकराला टोचलं."

शिवरंजनी मटकन खाली बसली. नंदीशला ओढून छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडली. तोही रडायला लागला, मग शिवप्रिया. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. तीन दिवस तिनं काय सोसलं असेल, आणि मी भांग पाडत फिरत होतो. मग रडता रडताच ती हसायला लागली, पदर तोंडाशी धरून.

"मग तीन दिस ते येड्यावानी हसत का होता हो? मला वाटलं, डोस चुकवलाय म्हणून त्वांड लपवताय."

"पण तुला," मी हळूच विचारलं, "संशय नाही आला? म्हणजे... बाईचा?"

तिनं मला डोक्यापासनं पायापर्यंत एकदा बघितलं.

"तुमचा?" म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

एकाही माणसानं, स्वतःच्या बायकोनंसुद्धा, मला तेवढ्या लायकीचा समजू नये? कादंबरीतल्या पहिल्या तिन्ही भेटींच्या वेळी मी बाकड्यावर आडवा होतो, याची सरकारी नोंद निघाली होती. इतका निर्दोष माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

दुपारच्या गाडीला सासऱ्यांना सोडायला स्टँडवर गेलो. त्यांची पिशवी माझ्या हातात, नंदीश माझ्या खांद्यावर. गाडीला वेळ होता. सासऱ्यांनी इकडं तिकडं बघितलं, मला जरा बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, आता आपुन दोघंच हाव. खरं सांगा. थोडंसं बी न्हवतं?"

"न्हवतं मामा. अजिबात न्हवतं."

त्यांनी लांब श्वास सोडला आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

"मला ठाव होतं. पोरीनं फोनवर पुस्तकाचं सांगितलं तवाच म्या घरी म्हणलं, ह्या पोराकडनं असलं काय बी व्हनार न्हाय, फुकट हेलपाटा पडंल. पण शिवरंजनीची आई म्हणली, जाऊन तर बघा, एकदम आशा सोडू नका."