आवक क्रमांक सात

वस्तू वापरणं आणि वस्तू सांभाळणं ही दोन स्वतंत्र कामं आहेत, आणि एकच माणूस दोन्ही करायला गेला की दोन्हींचा दर्जा घसरतो. आवक-जावक विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना हे वेळीच उमगलं होतं. म्हणून आपल्या गडद निळ्या गाडीच्या बाबतीत त्यांनी पहिलं काम जवळजवळ बंदच केलं होतं. (मागच्या वर्षी गाडी एकशे बारा किलोमीटर धावली. त्यातले शहाण्णव, गाडी पुसायची फडकी आणण्यासाठी.)

सोमवारी सकाळी बायकोने चहा पुढे ठेवून विषय काढला. तिची थोरली बहीण, ताई, रविवारी दुपारच्या रेल्वेने लेकाकडे कायमची राहायला निघाली होती. ताईचं वय एक्याऐंशी, लेकाचं शहर दोन दिवसांच्या अंतरावर, म्हणजे पुन्हा भेट होईलच असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. आज मात्र ती अवघ्या चाळीस किलोमीटरवर होती. बायकोच्या गुडघ्यांना दोन बस बदलणं झेपणारं नव्हतं, आणि दारात गाडी असताना भाड्याची करणं अधीक्षकांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"एकदा नेऊन आणा मला," ती म्हणाली. "तासभर बसू आणि परत येऊ."

मागणी रास्त होती. अधीक्षकांनी ती तत्त्वतः मंजूर केली. मात्र ताईच्या दारात गाडी उभी राहणार म्हणजे चार लोक बघणार. तेव्हा आधी चकाकी आणि मग प्रवास, असं त्यांनी ठरवलं. हातात सहा दिवस होते आणि कपाटात चकाकीची सामग्रीही सहा नगच होती. याहून जुळून आलेली गोष्ट त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती.

प्रश्न उरला क्रमाचा. सगळ्या लेबलांवर, आपल्यानंतर गाडीला दुसरं काही लागणार नाही, अशी हमी होती. असा पेच पडला की काय करायचं हे अधीक्षकांना ठाऊक होतं. घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूची ते वहीत नोंद करत, त्यामुळे बाटल्यांना आवक क्रमांक होतेच. एक, वॅक्स (मुलाने वाढदिवसाला दिलेलं). दोन, पॉलिश. तीन, सीलंट (रंगावर वाळून बसणारा संरक्षक थर). चार, कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पेस्ट). पाच, रंगावरची कचकच ओढून काढणारा चिकणमातीसारखा गोळा. सहा, शाम्पू. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही कागद क्रमांक डावलून पुढे जाऊ दिला नव्हता. (काही कागद ज्यांच्यासाठी होते ती माणसं तोवर हयात राहिली नव्हती. पण क्रम चुकला नव्हता.)

सोमवारी त्यांनी धुळीला वॅक्स लावलं. मंगळवारी पॉलिशने ते वॅक्स उतरलं. बुधवारी सीलंट चढलं आणि गुरुवारी कंपाउंडने तेही खरवडून काढलं. प्रत्येक टप्प्याने मागच्या टप्प्याचं काम निष्ठेने पुसून टाकलं, आणि चार दिवसांच्या अखंड मेहनतीनंतर गाडी आदल्या रविवारी होती तशी झाली.

गुरुवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गॅरेजचा रंगवाला जाता जाता थांबला. सगळा वृत्तान्त ऐकून तो म्हणाला, "साहेब, तुम्ही आंघोळीच्या आधी पावडर लावलीत."

मग त्याने बोटांवर मोजत खरा क्रम सांगितला. आधी धुवायची, मग गोळा फिरवायचा, मग कंपाउंड, पॉलिश, सीलंट आणि सगळ्यात शेवटी वॅक्स. सीलंट लावलं की बारा तास बोटसुद्धा लावायचं नाही.

"कुठे जायचंय का?" त्याने विचारलं.

अधीक्षकांनी सांगितलं.

"मग पाणी मारा आणि जा की."

हे विधान अधीक्षकांना बेजबाबदार वाटलं. दुर्दैवाने ते खिडकीतून बायकोनेही ऐकलं होतं. नुसती धुतली तरी चालेल, ताई काही गाडी बघायला बसलेली नाही, असं तिने शुक्रवारी दोनदा आणि शनिवारी एकदा सुचवलं. अधीक्षकांनी तिला समजावलं, की अर्ध्या कामावर गाडी बाहेर काढणं म्हणजे अर्धी दाढी करून लग्नाला जाणं. शनिवारी दुपारनंतर तिने सुचवणं बंद केलं. याचा अर्थ तिला मुद्दा पटला, असा त्यांनी घेतला.

नव्या क्रमाने पहिल्यापासून सुरुवात केल्यावर रविवारी सकाळी सात वाजता सीलंट लागलं. सातात बारा मिळवले की संध्याकाळचे सात होतात. ताईची रेल्वे पावणेदोनची होती. बायको आठपासून इस्त्रीचे कपडे घालून, मांडीवर पिशवी घेऊन पायरीवर बसली होती. पिशवीत ताईसाठी विणलेला स्वेटर होता.

अकरा वाजता भाड्याची एक गाडी, दारांपर्यंत चिखलाने माखलेली, फाटकाशी थांबली. स्टेशनला जाता जाता ताई स्वतःच वाट वाकडी करून आली होती. ती उतरली, दोन पावलं चालली, किंचित डगमगली आणि आधारासाठी तिने उजवा तळवा समोरच्या निळ्या बॉनेटवर टेकला. अधीक्षक झटकन पुढे झाले. ताईला धरायला की बॉनेट वाचवायला, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

"भाऊजी, केवढी चकचकीत गाडी," ताई कौतुकाने म्हणाली. "आम्हाला वाटलं, बंद पडलीय."

बायको ताईबरोबर स्टेशनपर्यंत जायला निघाली. चालकाने काच खाली करून विचारलं, "काका, तुम्ही? जागा आहे."

अधीक्षकांनी सीलंटकडे पाहिलं. अजून आठ तास होते, आणि वर तारेवर तीन कबुतरं बसली होती. कोणीतरी थांबणं आवश्यक होतं. त्यांनी हातमोजा घातलेला हात हलवला. आतून ताईने हलवला. बायको स्वेटरची घडी उलगडत होती.

संध्याकाळी सातला सीलंट नियमानुसार वाळलं, आणि त्यात ताईचा पंजाही, पाची बोटांनिशी. रंगवाल्याने वाकून पाहिलं. निघेल, म्हणाला, पण पहिल्यापासून धरावं लागेल. अधीक्षक शाम्पूची बाटली घेऊन आले, तेव्हा स्टेशनवरून परतलेली बायको बॉनेटजवळ उभी होती. तिने आपला तळवा पंजावर, जरा वरच्यावर, धरला होता.

"राहू दे तो," ती म्हणाली.

अधीक्षकांनी बाटली खाली ठेवली आणि वही काढून लिहिलं: आवक क्रमांक सात. पंजा, उजवा, एक नग. कार्यवाही: आवश्यक नाही.

वाचकांच्या सोयीसाठी: उत्पादनांचा योग्य क्रम वर रंगवाल्याच्या तोंडी दिलेला आहे. तो पुन्हा बघून घ्यायला जे आत्ता वर जाऊन आले, त्यांच्याही घरी कोणीतरी तयार होऊन पायरीवर बसलेलं असण्याचा संभव आहे. एकदा डोकावून खात्री करावी. घाई नाही. आधी क्रम लिहून घ्या.