आधी प्लेन सांग

आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये टरबूज कापायला ठवकरची परवानगी लागायची. कोणी सुरी उचलली, की हा उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं तीन दिशांना ताठ करून ओरडायचा, "थांब गा! आधी प्लेन सांग." आडवं कापायचं की उभं, हे ठरेपर्यंत टरबुजावर माशा बसायच्या.

हे वेड नव्या मशीनचं. ऐंशीनंतर केव्हातरी आमच्याकडे आकड्यांच्या हुकमावर चालणारं सीएनसी मशीन आलं. त्याला गोलाई कापायला लावण्याआधी ती कोणत्या प्लेनमध्ये, म्हणजे कोणत्या पातळीत, ते सांगावं लागे. टेबलावर ठेवलेल्या ताटासारखी आडवी, समोरच्या भिंतीला टेकवलेल्या ताटासारखी उभी, की बाजूच्या भिंतीला? एकदा सांगितलेला प्लेन दुसरा सांगेपर्यंत मशीन सोडत नसे. नेमकं तेच मी विसरायचो. साहेबांसमोर लाल दिवा लागायचा, मशीन थांबायचं आणि ठवकर तीन बोटं नाचवत हजर! "मन्या, तू अजून मागच्याच प्लेनमधी फिरून राहिला!"

मला त्याचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, घास कडू करणारा. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो, एकाच लेथवर घासलो आणि साहेब चहा पाजायचे ते ह्याला.

त्यात बंगलोरच्या ट्रेनिंगची बातमी आली. जागा एकच. परत येईल तो प्रोग्रॅमिंगचा इनचार्ज. नाव अर्थात ठवकरचं. मी बायकोशीसुद्धा धड बोलेनासा झालो. अन् एक दिवस साहेबांनी मलाच बोलावलं. ठवकरने नकार दिला होता, वर माझं नाव सुचवलं होतं. त्याने टाकलेलं मी उचलायचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जाब विचारायला मी सुटी झाल्याबरोबर प्रताप नगरात त्याच्या घरी धडकलो. त्याने आजवर कोणाला घरी बोलावलं नव्हतं.

खोलीत त्याची बायको खाटेवर उताणी पडलेली. धंतोलीच्या दवाखान्यातून आणल्यापासून तिला मानही वळवता येत नाही, हे मला तिथेच कळलं. मी नजर भिंतींकडे वळवली. कोऱ्या! ना देवाची तसबीर, ना कॅलेंडर. एवढा हुशार, अन् घरात साधं घड्याळ नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मी मुद्दाम विचारलं, "किती वाजले गा?"

"साडेपाच, भाऊजी," वहिनीच म्हणाल्या. "चहा घेऊनच जा."

मी वर पाहिलं. घड्याळ, कॅलेंडर, गणपती, लग्नाचा फोटो, सगळं छताला ठोकलेलं. बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर.

"तिचा प्लेन येगळा आहे ना गा," ठवकर म्हणाला. "महिना बदलला का स्टुलावर चढून पान फाडा लागते. बंगलोरले गेलो तर कोन फाडन?"

मी चहा घेतला. पुढे बंगलोरला गेलो, इनचार्जही झालो. ठवकरचा हेवा मात्र वाटतोच. आमच्या हिच्यासाठी मला हे कधी सुचलं नसतं.