कुंदाताईंचा शेवटचा डबा

वाय-फाय तपासायला हळदीकुंकू ठेवणारी बाई अख्ख्या रायपुरात एकच, आमच्या कुंदाताई! वीज खात्यातून निवृत्त झाल्या आणि बुढापारा वस्तीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या इमारतीतल्या वाय-फायच्या मागे लागल्या. खाली दुकानं, मधे सभागृह अन् शिकवणीचे वर्ग, वर नोकरीवाल्या मुलींच्या खोल्या. संध्याकाळी सगळ्यांनी एकदम फोन उघडले, की नेट बसलंच म्हणून समजा.

मंडळाचा चिटणीस मी. मोठ्या ऐटीत सहा अँटेनांचा दांडगा राउटर उचलून आणला. ताईंनी कपाळाला हात लावला.

"काहून आणला रे भैया हा? शिंगं मोजून म्हैस घेतेत काय? दूध किती देते ते पाहा!"

राउटर परत गेला. ताईंचं म्हणणं, एकच पहिलवान नको. छताला लावतात ते गोल पांढरे ॲक्सेस पॉइंट हवेत, मजल्यामजल्यावर. दुकानदार म्हणाला, "दीदी, इसकी रेंज बहुत है."

"रेंज का अचार डालूँ? एक साथ कितने लोग झेलेगा, वो बोलो!"

तो आपला रेंजच सांगत बसला. मग ताईंनी दोन कंपन्यांचे तसले गोल डबे नमुन्याला मागून आणले आणि हळदीकुंकवाचं आमंत्रण फिरवलं. सभागृह बायकांनी गच्च भरलं. वाण हातात पडताच हुकूम सुटला, "आता सगळ्यांनी एकदम व्हिडिओ लावा!" पहिल्या डब्यानं तिळगूळ वाटून व्हायच्या आत मान टाकली. दुसरा टिकला. "आंटी, सबका चल रहा है!" वरच्या पोरी ओरडल्या. ताईंनी त्या डब्यालाच कुंकू लावलं. काय बाई आहे! मी मनातल्या मनात हात जोडले.

भांडण झालं ते शेवटच्या डब्यावरून. त्याच कंपनीचे आणलेले बाकी सगळे लागले, एकच उरला. आम्हा कमिटीवाल्यांना तो सभागृहातल्या स्टेजच्या वर हवा, ताईंना मागच्या जिन्यात.

"तिथं कोण बसतं? मांजर?" मी तडकलोच.

"संध्याकाळी ये, दाखवते."

गेलो. जिन्याच्या वळणावर वरची एक मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. फोनवर आईचा चेहरा मधेच अडकत होता. "माँ, दिख रही हूँ क्या? माँ?" असं म्हणत ती ओढणीनं डोळे पुसत होती. ताईंनी माझी बाही धरून मला मागे ओढलं.

"खोलीत तिघी तिघी राहतेत. तिथं रडता येत नाही न रे, पोट्ट्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "मी लग्न होऊन अकोल्याहून आली, तेव्हा एसटीडीच्या बूथवर माझ्या मागं रांग उभी असे. आईले 'मी बरी आहे' म्हणायची अन् फोन ठेवून द्यायची. बरी नव्हती मी. आई गेली, पण तिले मालूमच नाही झालं."

मी पाय न वाजवता जिना उतरलो.

रविवारच्या सभेत स्टेजवाल्यांचा पुढारी म्हणून मीच उभा राहिलो. "शेवटचा डबा मागच्या जिन्यात लागेल," म्हटलं. सगळे आ वासून बघायला लागले. का, ते मी कोणाला सांगितलं नाही. ताई खाली मान घालून साडीचा पदर नीट करत बसल्या होत्या.

"आणि संध्याकाळी त्या जिन्यानं कोणी उगाच ये-जा केली," मी आवाज चढवला, "तर गाठ माझ्याशी आहे!"