खुराड्याच्या दारावरचा नंबर

"दिल्लीचो साहेब तोंडात बोट घालीत, बगच तू!" बाबली तांडेलाने छाती पुढे काढून बायकोला सांगितलं आणि नारळाच्या सोडणाने पत्रा घासायला घेतला.

पत्रा म्हणजे विमानाच्या शेपटीचा तुकडा! चव्वेचाळीस साली, महायुद्धात, एक लढाऊ विमान तारकर्लीसमोर समुद्रात कोसळलं होतं. पुढे हा तुकडा बाबलीच्या जाळ्यात आला. नवंकोरं जाळं फाटलं, म्हणून बाबलीने रागाने त्याचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं. आता दिल्लीला जुन्या लढाऊ विमानांचं संग्रहालय उभं राहत होतं, आणि तिथले साहेब तुकडा न्यायला येणार होते.

"तेच्यार कायतरी लिवलेला आसा. ता पुसू नका," तुळसा म्हणाली.

"गप रव गो! कोंबयांनी घाण केलेलो पत्रो दिल्लीक धाडूचो?"

चिंच झाली, राख झाली, वाळू झाली. दुपारपर्यंत पत्रा नवऱ्यामुलासारखा चकाकायला लागला!

साहेब आले. त्यांनी पत्रा उलटसुलट करून पाहिला.

"यावर विमानाचा नंबर असेल ना?"

"होतो! सगळो घासून काढलंय!"

साहेब मटकन पायरीवर बसले.

"तांडेल, त्या वर्षी या बाजूला तीन विमानं बुडाली. तीन वैमानिक गेले. हे कुणाचं, ते नंबरावरूनच कळलं असतं हो."

बाबलीच्या तोंडचं पाणी पळालं.

"होडयेचो रंग आसा माझ्याकडे! सांगा, खंयचो नंबर घालू?"

साहेब हसले नाहीत.

तुळसा पुढे आली. खाली बसून तिने तळहाताने वाळू सारखी केली.

"माका वाचूक येणा नाय. पण वीस वरसा सकाळ-सांज ह्याच दार उघडलंय."

तिने बोटाने वाळूत एक गळ रेखला. शेजारी पाखराची उघडी चोच. मग कोयती, मग अंडं, मग एकावर एक दोन मडकी. साहेब वाकून वाचू लागले, "जे, व्ही, सात, शून्य, आठ!"

साहेबांनी बुडालेल्या विमानांच्या नंबरांची वही काढली. पानावरून त्यांचं बोट सरकत सरकत एका ओळीवर थांबलं. त्यांनी टोपी उतरवली.

"साताऱ्याकडचा मुलगा. बावीस वर्षांचा."

"आवस आसा तेची?"

"आई आहे. दर वर्षी तिचं पत्र येतं. सापडला का, एवढंच विचारते."

तुळसाने पदर डोळ्यांना लावला. बाबलीने मान खाली घातली, तर चकचकीत पत्र्यात त्याचंच तोंड! त्याला ते बघवेना.

जाताना साहेबांनी पुन्हा वही उघडली. "नंबर कुणी सांगितला, ते नोंदवायचं आहे."

बाबली लगबगीने पुढे झाला. "लिवा! बाबली गुणाजी..."

"तुमचं नको. बाईंचं नाव सांगा."

पंचवीस वर्षांच्या संसारात बाबलीने बायकोला 'गो'पलीकडे हाक मारली नव्हती. घशात सुरमईचा काटा अडकल्यासारखा तो खाकरला. कान लाल झाले.

"तुळसा," तो पुटपुटला.

"मोठ्याने सांगा, तांडेल. ऐकू आलं नाही!"